वॉलेटमधलं तिकीट दुसऱ्याला पाठवताना: शेअर आणि ट्रान्सफर यांची गल्लत टाळण्यासाठी

संगीताच्या एका मोठ्या कार्यक्रमाची चार तिकिटं मी माझ्या नावावर काढली होती. दोन आमची, दोन भाची आणि तिच्या मैत्रिणीसाठी. आदल्या रात्री मी फोनमधलं वॉलेट, म्हणजे तिकिटं आणि कार्डं ठेवायचं अ‍ॅप, उघडलं, तिच्या दोन तिकिटांचे स्क्रीनशॉट काढले, पाठवले आणि निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी आम्ही आत जाऊन बसलो आणि फोन वाजला. "मावशी, हे आत सोडत नाहीयेत. म्हणतात हा फोटो आहे."

मी परत गेटपाशी गेले. बाहेर पडले असते तर पुन्हा आत येता आलं नसतं, म्हणून कठड्याच्या अलीकडूनच बोलत होते. गेटवरच्या मुलाने शांतपणे शेजारच्या प्रेक्षकाचा फोन दाखवला. त्याच्या बारकोडवरून एक निळसर पट्टी सारखी इकडून तिकडे सरकत होती. भाचीच्या फोनवर तीच पट्टी मधोमध थिजलेली. "ताई, कोड जिवंत पाहिजे. हा कालचा आहे," तो म्हणाला. त्या गर्दीत नेटवर्क मिळवून, खऱ्या अर्थाने तिकीट तिच्या नावावर करून ती आत येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. जे गाणं ऐकायला ती आली होती, ते तिने बाहेरून ऐकलं.

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती पाच मिनिटांत टाळता आली असती. तेव्हापासून घरात कोणाचंही तिकीट पाठवायचं असलं की काम माझ्याकडे येतं. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहिते.

१. आधी हे समजून घ्या: तिकीट वॉलेटमध्ये नसतं

वॉलेटमध्ये आपल्याला जो रंगीत चौकोन दिसतो, त्याला पास म्हणतात. खरं तिकीट म्हणजे विक्रेत्याच्या, म्हणजे तिकीट विकणाऱ्या कंपनीच्या, यंत्रणेतली एक नोंद: अमुक कार्यक्रम, अमुक आसन, अमुक खातं. पास ही त्या नोंदीची दाखवायची बाजू. म्हणून वॉलेटमधून पास डिलीट केला तरी तिकीट रद्द होत नाही, विक्रेत्याच्या अ‍ॅपमधून तो पुन्हा घेता येतो. आणि पासची प्रत कोणाला दिली, तरी तिकीट तुमच्याच नावावर राहतं.

यातून दोन वेगळ्या क्रिया निघतात.

शेअर केलं की पासची प्रत जाते. तुमच्याकडेही पास राहतो, समोरच्याकडेही येतो, दोन्हींवर कोड एकच. गेटवर जो आधी स्कॅन होईल तो आत, दुसऱ्याला "आधीच वापरलेलं" असं उत्तर.

ट्रान्सफर केलं की नोंदीतलं खातं बदलतं. समोरच्याने स्वीकारल्यावर त्याला नवा कोड मिळतो आणि तुमचा जुना कोड बाद होतो.

पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे. घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: समोरचा माणूस तुमच्याबरोबर गेटवर नसणार असेल, तर ट्रान्सफर करा.

२. आपलं तिकीट कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

पाठवण्याआधी पास उघडा आणि नीट बघा.

स्थिर कोड. क्यूआर किंवा आडव्या रेघांचा बारकोड, जो दहा मिनिटांनी बघितला तरी तसाच असतो. छोट्या कार्यक्रमांची, नाटकांची, प्रदर्शनांची बरीच तिकिटं अशी असतात. याची प्रत चालते. म्हणजे चोरलेली प्रतही चालते, तेही ध्यानात ठेवा.

बदलता कोड. दर काही सेकंदांनी नवा कोड तयार होतो, बरेचदा वरून एखादी पट्टी किंवा चमक सरकत असते. तिकीटमास्टर या तिकीट विकणाऱ्या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये सेफटिक्स या नावाने अशी तिकिटं आणली. बँकेच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये जसे आकडे ठराविक वेळाने बदलतात, तोच हा प्रकार: फोनमधली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून कोड बनतो. स्क्रीनशॉट म्हणजे गेलेल्या क्षणाचा कोड, म्हणून तो उपयोगाचा नाही.

फोन टेकवून चालणारा पास. यावर कोडच नसतो किंवा नावापुरता असतो, "रीडरजवळ धरा" असं लिहिलेलं असतं. हे एनएफसीवर, म्हणजे अगदी जवळून चालणाऱ्या बिनतारी संपर्कावर, चालतं आणि असे पास सहसा शेअर होत नाहीत. ट्रान्सफर हाच मार्ग.

नावाचं तिकीट. पासवर व्यक्तीचं नाव छापलेलं असेल आणि अटींमध्ये ओळखपत्र तपासणार असं लिहिलं असेल, तर पास पाठवून भागत नाही. आयोजक नाव बदलू देतात का, ते आधी बघा. पासवरचं नाव स्वतः खोडून बदलण्याचा विचारही करू नका. अ‍ॅपलच्या पासची फाइल डिजिटल सही केलेली असते, आत एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि वॉलेट ती फाइल घेतच नाही.

३. हाताशी काय हवं

– ज्या खात्यातून तिकिटं काढली त्याचा ईमेल आणि पासवर्ड. घरात तिघांचे ईमेल असतील तर नेमका कोणता, हे आधी शोधा.
– विक्रेत्याचं अ‍ॅप, अपडेट केलेलं.
– खात्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू स्थितीत, कारण ट्रान्सफरच्या वेळी ओटीपी येऊ शकतो.
– घेणाऱ्याचा ईमेल किंवा मोबाइल नंबर, त्याने स्वतः लिहून पाठवलेला. फोनवर ऐकून टिपू नका.
– कोणतं आसन कोणाला, याची छोटी यादी.
– ऑर्डरचा ईमेल. अडलं तर मदत केंद्र आधी ऑर्डर क्रमांकच विचारतं.

घेणाऱ्याचा ईमेल विचारताना एक प्रश्न हमखास विचारा: "या विक्रेत्याकडे तुझं खातं आधीपासून आहे का, आणि ते कोणत्या ईमेलवर?" माझ्या जावेने मला ऑफिसचा ईमेल दिला, खातं होतं घरच्या ईमेलवर. तिकीट एका नव्या रिकाम्या खात्यात जाऊन बसलं आणि ती जुन्या खात्यात शोधत राहिली. अर्धा दिवस आम्हाला वाटत होतं की तिकीट हरवलं.

४. ट्रान्सफर करण्याची रीत

ट्रान्सफर विक्रेत्याच्या अ‍ॅपमधून किंवा वेबसाइटवरून होतं, कारण नोंद त्यांच्याकडे आहे. वॉलेट त्यात फक्त दार दाखवू शकतं. २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची मूळ प्रणाली) अ‍ॅपलच्या नव्या धाटणीच्या तिकिटांवर विक्रेत्याला ट्रान्सफरचं बटण देता येतं, पण ते दाबल्यावरही आपण विक्रेत्याकडेच पोहोचतो. बटण दिसत नसेल तर सरळ विक्रेत्याचं अ‍ॅप उघडा.

क) "माझी तिकिटं" मध्ये जाऊन कार्यक्रम निवडा. तिकीट उघडल्यावर ट्रान्सफर किंवा सेंड असं बटण शोधा. ते राखाडी असेल तर खालचा मजकूर वाचा. काही आयोजक कार्यक्रमाच्या काही दिवस आधीच ट्रान्सफर सुरू करतात, काही ठराविक वेळेला बंद करतात, काही मुळीच करू देत नाहीत.

ख) आसनं निवडा. इथे घाई नको. चार तिकिटांच्या यादीत टिकमार्क कोणापुढे आहे ते बोट ठेवून वाचा. लोक स्वतःचंही तिकीट पाठवून बसतात, हे मी दोनदा पाहिलंय.

ग) घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल किंवा नंबर भरा. ईमेल टाइप करू नका, त्याच्या मेसेजमधून कॉपी करा. फोन आपोआप सुचवतो तो पत्ता जुना असू शकतो.

घ) पाठवा, आणि लगेच त्या माणसाला वेगळा मेसेज करा: "तिकीट पाठवलंय, अमुक विक्रेत्याकडून मेल येईल, आजच स्वीकार." पुष्कळ ट्रान्सफर अडकतात ते याच पायरीवर. मेल स्पॅममध्ये पडतो, घेणारा वाट बघतो, पाठवणारा समजतो की झालं.

ङ) अ‍ॅपमधली स्थिती बघा. "प्रतीक्षेत" म्हणजे समोरच्याने अजून घेतलेलं नाही. तोवर तुम्ही सहसा ते रद्द करून परत घेऊ शकता. "स्वीकारलं" असं आलं की तिकीट त्याचं झालं, परत हवं असेल तर त्यानेच पाठवायला हवं.

स्वीकारल्यानंतर तुमच्या वॉलेटमधला जुना पास फिका पडतो किंवा त्यावर रद्द असं दिसतं. बऱ्याच पासांना विक्रेत्याकडून आपोआप अपडेट येतात. पण कधी तो पास जसाच्या तसा दिसत राहतो, आणि आपल्याला वाटतं की अजून चालेल. तो गेटवर चालणार नाही. ट्रान्सफर झाल्या झाल्या तो वॉलेटमधून काढून टाका, म्हणजे ऐनवेळी चुकीचा पास पुढे केला जाणार नाही.

५. आयफोनमधून पास शेअर करायचा असेल तर

स्थिर कोडचं तिकीट आहे, माणूस घरचा आहे, आणि एक तिकीट एकच माणूस वापरणार हे नक्की आहे, तेव्हा शेअर करायला हरकत नाही.

वॉलेट उघडा, पास निवडा, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर टॅप करा. तिथे किंवा पासच्या तपशिलात शेअरचा पर्याय असतो. पुढे मेसेज, मेल किंवा एअरड्रॉप (जवळच्या आयफोनला थेट फाइल पाठवण्याची सोय). दोघं एकाच खोलीत असाल तर एअरड्रॉप सर्वात सोपं. दोन्ही फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ चालू हवं. समोरच्याच्या संपर्कयादीत तुम्ही नसाल तर त्याने एअरड्रॉप "सर्वांसाठी" करायचं. ती मुभा दहा मिनिटांनी आपोआप बंद होते, तेव्हा तयारी आधी करा.

शेअरचा पर्यायच दिसत नाही? मग तुमचा फोन बिघडलेला नाही. पास बनवतानाच शेअर करायला मनाई करण्याची सोय अ‍ॅपलने विक्रेत्यांना दिली आहे, आणि तुमच्या विक्रेत्याने ती वापरली आहे. अशा वेळी स्क्रीनशॉट काढून पळवाट शोधू नका. मनाई असलेलं तिकीट बहुधा बदलत्या कोडचंच असतं. वर सांगितलेलं ट्रान्सफर करा.

एकाच कार्यक्रमाचे अनेक पास वॉलेटमध्ये गठ्ठ्यासारखे एकत्र दिसतात आणि बाजूला सरकवून एकेक बघावे लागतात. पाठवण्याआधी आसन क्रमांक मोठ्याने वाचा. सगळे पास दिसायला हुबेहूब सारखे असतात, फरक फक्त त्या छोट्या आकड्यात.

आणखी एक सापळा ऑर्डरच्या मेलमध्ये आहे. मेलला जोडलेल्या एकाच फाइलमध्ये कधी कधी सगळे पास असतात. ती फाइल चौघांना फॉरवर्ड केली की चौघांकडेही चारही तिकिटं जातात. मग गेटवर प्रत्येकजण गठ्ठ्यातला पहिला पास दाखवतो, पहिला आत जातो आणि बाकी तिघांना लाल दिवा. असं झालंच तर घाबरू नका. प्रत्येकाने गठ्ठ्यातलं वेगळं आसन उघडायचं, कोणी कोणतं ते आधी ठरवून.

६. अँड्रॉइडवर, गूगल वॉलेटमधून

गूगल वॉलेटमधला पास गूगल खात्याशी बांधलेला असतो. तो एका माणसाने एकाच फोनवर ठेवायचा, त्याच्या सगळ्या फोनवर ठेवायचा की अनेकांना घेऊ द्यायचा, हे विक्रेता ठरवतो. म्हणून एखाद्या पासवर शेअर दिसतं आणि शेजारच्या पासवर नाही. पास उघडून वरचे तीन ठिपके बघा. पर्याय असेल तर लिंक पाठवता येते आणि घेणारा ती उघडून आपल्या खात्यात पास जतन करतो. एकालाच जतन करू देणारा पास असेल तर दुसऱ्याने लिंक उघडूनही काही साधत नाही.

फोनमध्ये दोन गूगल खाती असतील तर वॉलेटच्या वरच्या कोपऱ्यातलं चित्र बघा. "पास गेला कुठे" या प्रश्नाचं उत्तर दहापैकी आठ वेळा मला तिथेच सापडलंय: पास दुसऱ्या खात्यात होता.

७. एकाकडे आयफोन, दुसऱ्याकडे अँड्रॉइड

ट्रान्सफर असेल तर फोन कोणता याने काही बिघडत नाही. घेणारा आपल्या खात्यात तिकीट घेतो आणि तिथून आपल्या फोनच्या वॉलेटमध्ये टाकतो. मिश्र फोनांच्या कुटुंबात मी सरसकट हेच करते.

शेअर करायचं असेल तर थोडी खटपट आहे. आयफोनमधून जाणारी फाइल पीकेपास प्रकारची असते, म्हणजे तिच्या नावाच्या शेवटी .pkpass असतं. गूगल वॉलेट अशा फाइल उघडून घेऊ शकतं, पण फाइल मुळातल्या रूपात पोहोचायला हवी. चॅटमधून पाठवताना ती फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून जाऊ द्या. ही फाइल आतून झिपच (अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) असल्याने काही फोन डाउनलोड करताना तिच्या नावाच्या शेवटी .zip लावतात आणि मग वॉलेटला ती ओळखू येत नाही. नावाचा तो शेवट काढून पुन्हा .pkpass केलं की बहुतेक वेळा काम होतं. उलट दिशेने, गूगल वॉलेटची लिंक आयफोनवाल्याला पाठवली तर पास अ‍ॅपलच्या वॉलेटमध्ये येत नाही. त्याला विक्रेत्याच्या मेलमधलं "अ‍ॅपल वॉलेटमध्ये जोडा" हे बटणच लागेल.

८. तिकीट घेणाऱ्याने काय करायचं

हा भाग तुमच्या भाचीला, मित्राला, वडिलांना जसाच्या तसा पाठवा.

मेल आला की त्याच दिवशी स्वीकारा. मेल ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्याने लॉगिन करा किंवा नवं खातं उघडा. "अ‍ॅपलने साइन इन" करताना ईमेल लपवण्याचा पर्याय येतो, तो निवडलात तर खातं वेगळ्याच पत्त्यावर तयार होतं आणि तिकीट दिसत नाही. स्वीकारल्यावर तिकीट अ‍ॅपमध्ये दिसतं, पण तेवढ्यावर थांबू नका. "वॉलेटमध्ये जोडा" दाबून पास फोनमध्ये उतरवा, म्हणजे गेटवर नेटवर्क नसलं तरी तो उघडेल. मग वॉलेट उघडून तारीख, वेळ आणि आसन तपासा.

खोट्या लिंकांपासून सावध राहा. "तुमच्यासाठी तिकीट आलंय" असे बनावट मेसेज येतात. पाठवणाऱ्याने आधी सांगितलेलं नसेल तर त्याला फोन करून विचारा. लिंकवर टॅप करण्याऐवजी विक्रेत्याचं अ‍ॅप स्वतः उघडा, खरं ट्रान्सफर तिथेही दिसतं. भेट मिळालेलं तिकीट घेताना कोणी कार्डाचा पिन किंवा बँकेचा पासवर्ड मागत असेल तर तिथेच थांबा.

९. अनोळखी माणसाकडून किंवा अनोळखी माणसाला

इथे माझं मत ठाम आहे: अनोळखी व्यवहारात शेअर केलेला पास घेऊच नका. स्थिर कोडचा एक पास दहा जणांना विकता येतो, दहाही जणांच्या वॉलेटमध्ये तो खरा दिसतो, कारण तो खराच असतो. त्यातला एक आत जातो. घ्यायचंच असेल तर विक्रेत्याच्या यंत्रणेतून ट्रान्सफर किंवा अधिकृत पुनर्विक्री, आणि तिकीट आपल्या खात्यात "स्वीकारलं" दिसल्यावरच व्यवहार पूर्ण.

तुमच्याकडून जाणाऱ्या तिकिटाचीही तेवढीच काळजी घ्या. आनंदाच्या भरात लोक तिकिटाचा फोटो सोशल मीडियावर टाकतात आणि कोड झाकत नाहीत. स्थिर कोडचा फोटो कोणीही झूम करून वापरू शकतं. कोडच्या कोपऱ्यावर स्टिकर चिकटवून भागेल असंही समजू नका. क्यूआर कोडमध्ये चूक दुरुस्त करण्याची सोय असते, थोडा भाग झाकला तरी तो वाचला जातो. पूर्ण कोड कापूनच फोटो टाका.

१०. आदल्या दिवशी आणि गेटवर

आदल्या दिवशी सगळ्यांना एकच मेसेज करा: "वॉलेटमधला पास उघड आणि आसन क्रमांक मला लिहून पाठव." स्क्रीनशॉट मागू नका. आकडा लिहून पाठवायला सांगितलं की माणूस खरंच पास उघडतो. माझी ही युक्ती आजवर चुकलेली नाही. दोन जणांनी एकच आकडा पाठवला तर घोळ घरबसल्या कळतो.

त्याच मेसेजमध्ये फोनची तारीख आणि वेळ "आपोआप" वर आहे का, तेही तपासायला सांगा. बदलता कोड घड्याळावर चालतो, हाताने पुढेमागे केलेल्या घड्याळाने तो चुकू शकतो.

गेटच्या रांगेत शिरण्याआधीच पास उघडून ठेवा. हजारो फोन एकाच टॉवरवर असतात तिथे अ‍ॅप लोड होण्याची वाट बघत बसावं लागतं. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, फोनच्या काचेला मोठा तडा कोडवरून जात असेल तर कोड बाजूला येईल असा फोन फिरवून धरा. स्कॅनर लाल झाला तर वाद घालण्याआधी उघडलेला पास आजच्या तारखेचा आणि आपल्याच आसनाचा आहे का, ते बघा. तरीही अडलं तर रांगेतून बाजूला होऊन मदत खिडकीवर जा. तिथे ऑर्डर क्रमांक लागतो आणि ओळखपत्रही मागू शकतात. ऑर्डर तुमच्या नावावर असेल, तर गटातल्या उशिरा येणाऱ्याला तो क्रमांक आधीच देऊन ठेवा आणि आत गेल्यावरही फोन सायलेंटवर टाकू नका.

कार्यक्रम रद्द झाला, तर पैसे सहसा ज्याने मूळ तिकीट काढलं त्याच्याच कार्डावर परत येतात, ट्रान्सफर कोणालाही केलेलं असलं तरी. कोणी तुम्हाला तिकिटाचे पैसे दिले असतील तर ते परत करण्याचं काम तुमच्याकडे येतं. म्हणून कोणतं आसन कोणाला दिलं ती यादी कार्यक्रम होईपर्यंत फेकू नका.